शब्दात पकडलेला मालक : चतुर मुलीची एक गोष्ट आणि तिच्यातलं शहाणपण

 

आजचा विषय लहान मुलांच्या गोष्टीचा आहे. तसं म्हटलं की मोठी माणसं जरा सैलावून बसतात. हे आपल्यासाठी नाही, पोरांसाठी आहे, असं त्यांना वाटतं. आमची विनंती अशी की आज तसं करू नका. एक दुष्ट मालक, त्याच्याकडे कामाला आलेली एक चतुर मुलगी, आणि शेवटी मालकाची फजिती, एवढीच ही गोष्ट आहे. पण करार म्हणजे काय, शब्दाची किंमत काय आणि रागावण्याचा हक्क कुणाला असतो, हे तिच्यात जितकं नेमकं सांगितलं आहे, तितकं नेमकं मोठ्यांच्या पुस्तकांतही क्वचित सापडतं.

क्रम असा ठेवू. आधी गोष्ट पूर्ण सांगतो. मग ती उलगडू. मग तिची नातेवाईक मंडळी कुठे कुठे आहेत ते पाहू. आणि शेवटी, ती इथे, तांड्यांच्या या मुलखात का सांगायची, त्याकडे येऊ.

एक खुलासा मात्र आधीच करतो. मालक आणि गड्याची ही गोष्ट भारताच्या अनेक भागांत आणि भारताबाहेरही सांगितली जाते. बहुतेक ठिकाणी जिंकतो तो धाकटा भाऊ. चतुर मुलीच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत, त्याही पुढे येतील. आज आम्ही या दोन धाग्यांची एकच वेणी घालून, धाकट्या भावाच्या जागी धाकटी बहीण ठेवून गोष्ट सांगणार आहोत. तोंडी गोष्टीला हे चालतं. सांगणारा बदलला, ऐकणारे बदलले, की पात्रं बदलतात. गोष्टीचा कणा तोच राहतो.

गोष्ट

एक होता मालक. जमीन रग्गड, गुरं रग्गड, आणि मन चिंचोक्याएवढं. त्याच्याकडे कुणी गडी सालभर टिकत नसे. टिकत नसे म्हणजे तोच टिकू देत नसे.

एका गरीब घरातला थोरला मुलगा त्याच्याकडे सालाने राहायला गेला. मालकाने चार अटी सांगितल्या. पहिली : रोज एका पानावर मावेल तेवढं जेवण मिळेल. दुसरी : सांगितलेलं काम सांगितल्यासारखंच करायचं. तिसरी : आंब्याला नवा मोहर आला आणि त्यात कोकिळा ओरडली, की साल संपलं, तेव्हा सगळी मजुरी एकदम. आणि चौथी : आपल्या दोघांपैकी ज्याला आधी राग येईल त्याचं नाक कापायचं. गड्याला राग आला तर नाकही गेलं आणि मजुरीही गेली. मालकाला आला तर त्याचं नाक, आणि वर दोन सालांची मजुरी.

मुलाला वाटलं, अट दोघांना सारखीच आहे की! तो हो म्हणाला.

पहिल्या दिवशी मालकाने त्याच्यापुढे पान ठेवलं. चिंचेचं! त्यावर भाताची चार शितं. दुसऱ्या दिवशी तेच. मालकाचं कुत्रं शेतात बरोबर जाई. कुत्रं घरी परत येईल तेव्हाच गड्याने परत यायचं, असा हुकूम होता, आणि ते कुत्रं अंधार पडेपर्यंत बांधावरून हलत नसे. आठ दिवस पोराने कळ काढली. नवव्या दिवशी तो ओरडला, “हा काय न्याय झाला?”

मालक हसून म्हणाला, “राग आला का रे?”

पोरगा नाकाला फडकं बांधून रिकाम्या हाताने घरी आला.

घरात धाकटी बहीण होती. नाव काही का असेना, आपण तिला धाकली म्हणू. तिने भावाला काय झालं ते विचारलं नाही, ते दिसतच होतं. तिने विचारलं, “त्याने नेमके शब्द कुठले वापरले?” भावाने अटी सांगितल्या. तिने त्या पुन्हा सांगायला लावल्या. मग तिसऱ्यांदा. आणि म्हणाली, “मी जाते.”

मालकाच्या ओट्यावर गावातली चार माणसं बसलेली असताना ती गेली. मालकाने अटी सांगितल्या. ती म्हणाली, “सगळं कबूल. फक्त पान मी आणीन, तुम्हाला कशाला त्रास?” चार माणसांत मालक नाही कसं म्हणणार? म्हणाला, “आण की.”

दुपारी ती केळीचं अख्खं पान घेऊन आली. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. मालकिणीचं भाताचं पातेलं रिकामं झालं, भाकरीची टोपली रिकामी झाली, तरी पान भरेना. तिने स्वतः खाल्लं, उरलेलं भावाला बांधून घेतलं.

“मालक, राग आला का?”

“छे छे, राग कसला!”

दुसऱ्या दिवशी कुत्रं घेऊन शेतात गेली. बांधावर पोचताच भाकरीचा तुकडा कुत्र्याला हुंगवला आणि घराच्या दिशेने लांब फेकला. कुत्रं धावलं. तिने पुन्हा फेकला, पुन्हा धावलं. असं करत करत कुत्रं अंगणात, आणि तिच्यामागून धाकली. सूर्य अजून कासराभरही वर आला नव्हता.

“कुत्रं घरी आलं, मीही आले. मालक, राग आला का?”

“नाही गं बाई, नाही.”

मग आली यात्रा. मालकाचं घरदार निघालं. जाताना मालक म्हणाला, “दार सांभाळ. दारावरची नजर हटवायची नाही.” रात्री देवळाकडून ढोल ऐकू येऊ लागला. धाकलीने दार बिजागरीतून काढलं, डोक्यावर घेतलं आणि यात्रेला गेली. देवळापुढे दार मांडीला टेकवून बसली, गाणी ऐकली, नजर दारावरून हटवली नाही. इकडे उघड्या घरात गावातली गुरं शिरली आणि ज्वारीच्या कणगीचा फडशा पडला.

“दार सांभाळायला सांगितलं होतं. हे बघा, एक ओरखडा नाही. मालक, राग आला का?”

मालकाचे कान लाल झाले होते. “राग... नाही... आला.”

त्या रात्री मालक बायकोला म्हणाला, “ही पोरगी आपल्याला भिकेला लावणार. साल संपलं पाहिजे. साल संपलं की अटही संपली, मग हिच्यावर मनसोक्त रागावता येईल!” ऐन मार्गशीर्षातली थंडी होती. भल्या पहाटे त्याने बायकोला आंब्यावर चढवलं. मालकीण पानांत लपून ओरडू लागली, “कुहू! कुहू!”

धाकली बाहेर आली. वर पाहिलं. “मालक, झाडाला मोहर नाही, आणि कोकिळा? मोहराआधी ओरडते ती कोकिळा कसली, ते काहीतरी भलतंच आहे. तुमच्या घरावर अरिष्ट नको.” असं म्हणून तिने राखणीची गोफण घेतली, खडा घातला आणि डोक्याभोवती फिरवायला सुरुवात केली.

“अगं ए कार्टे! थांब! बायको आहे ती माझी! डोकं फिरलं का तुझं?”

आरडाओरडा ऐकून पाण्याला निघालेल्या बाया थांबल्या, ओट्यावरची तीच चार माणसं गोळा झाली. धाकलीने गोफण खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, “मालक, राग आला का?”

मालकाचा हात आपोआप नाकाकडे गेला.

धाकली म्हणाली, “तुमचं नाक घेऊन मी काय करू? त्याची ना भाजी होते ना भाकरी. माझी दोन सालांची मजुरी द्या. भावाचं साल द्या. आणि यापुढे कुणालाही कामावर ठेवाल तेव्हा अटी अशाच चार माणसांत सांगा.”

आणि गोष्ट संपली.

अटीत काय होतं?

आता ही गोष्ट उघडून बघू. मालकाच्या अटी पुन्हा आठवा. त्यांत उघड खोटं एकही नाही. ‘एका पानावर मावेल तेवढं जेवण’ हे वाक्य अगदी सरळ आहे. लबाडी वाक्यात नाही, वाक्यात जी जागा मोकळी सोडली आहे तिच्यात आहे. पान कुठलं? ते कोण आणणार? या मोकळ्या जागेचा अर्थ लावण्याचा हक्क मालकाने न बोलता स्वतःकडे ठेवला. ज्याच्या हातात अन्न, त्याच्या हातात अर्थ.

धाकलीने नवी अट घातली नाही, जुनी मोडलीही नाही. ‘पान मी आणीन’ एवढं एक वाक्य मध्ये घातलं आणि अर्थ लावण्याचा हक्क आपल्याकडे घेतला. मराठीत याला छान शब्द आहे, ‘शब्दात पकडणं’. मालकाने ज्या शब्दांचं जाळं विणलं, त्याच जाळ्यात त्याला बसवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ती ‘दोघांपैकी’ची अट. ‘ज्याला आधी राग येईल त्याचं नाक.’ ही अट मालकाने का घातली असेल? करार न्याय्य दिसावा म्हणून. ती कधी आपल्यालाही लागू होईल, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. अनेक करारांत असं एखादं समतेचं वाक्य शोभेसाठी घातलेलं असतं. धाकलीने ते शोभेचं वाक्य कामाला लावलं.

तिसरी गोष्ट रागाची, आणि आमच्या मते गोष्टीचं काळीज इथे आहे. रोजच्या आयुष्यात रागावण्याचा हक्क कुणाला असतो? मालकाला. गड्याने राग गिळायचा असतो. कामगार रागावला तर ‘माज आला’, मालक रागावला तर ‘शिस्त’. या गोष्टीत उलटं होतं. इथे मालकाला राग गिळावा लागतो, रोज, दोन वेळा, वर हसून. मुलं खदखदून हसतात ती नेमकी इथेच, ‘राग... नाही... आला’ या तीन तुटक्या शब्दांवर. मालकाची खरी शिक्षा नाक कापणं ही नाहीच; राग गिळायला लागणं, हीच त्याची शिक्षा. गड्याचं रोजचं जगणं काही महिने त्याच्या वाट्याला आलं.

इथे एक शंका येईल. मग या गोष्टीचा उपदेश असा का, की अन्याय झाला तरी रागावू नका? नाही. भावाचा राग खरा होता, त्याचा प्रश्नही बरोबर होता. ‘हा काय न्याय झाला?’ यात चूक काय? पण त्याने तो प्रश्न एकट्याने, भरल्या डोळ्यांनी, मालकाच्या अंगणात विचारला. धाकलीलाही राग होताच, नाहीतर ती गेलीच नसती. तिने राग सोडला नाही, वापरायची वेळ आणि जागा निवडली. आणि प्रत्येक वेळी साक्षीदार जवळ राहतील हे पाहिलं. करार ओट्यावर, चार माणसांत. निकाल अंगणात, त्याच चार माणसांसमोर. साक्षीदार नसते तर मालकाने ‘राग आला होता कुठे?’ असं म्हणून हात झटकले असते.

नाकाबद्दलही दोन शब्द. अनेक रूपांत मालकाचं नाक खरोखर कापलं जातं. लोककथा निर्दय असतात, त्यात नवल नाही. मराठीत ‘नाक’ म्हणजे अब्रू, त्यामुळे नाक कापणं म्हणजे चारचौघांत पत घालवणं. आम्ही इथे नाक शाबूत ठेवलं, कारण चार माणसांसमोर स्वतःच्या नाकावर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाचं नाक आणखी कापायचं काय राहिलं?

गोष्टीचं गणगोत

लोककथांचे अभ्यासक सारख्या कणा असलेल्या गोष्टींना क्रमांक देतात. फिनलंडच्या आन्टी आर्ने यांनी 1910 मध्ये ही पद्धत सुरू केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी ती वाढवली आणि जर्मनीच्या हान्स-यॉर्ग ऊथर यांनी 2004 मध्ये तिची नवी आवृत्ती केली. रागाच्या पैजेची गोष्ट या यादीत 1000 व्या क्रमांकावर आहे. दार उचलून नेण्याचा प्रसंग 1009 वर, चतुर शेतकरीकन्येची गोष्ट 875 वर. कोकिळेचा प्रसंग युरोपातही आहे. तिथे मालकीणबाई झाडावर चढून तिथल्या कुक्कू पक्ष्यासारखी ओरडते. पानभर जेवणाची अट मात्र आपल्याकडची. जिथे पानावर जेवतात तिथेच ती सुचणार.

जोसेफ जेकब्स यांनी 1892 मध्ये छापलेल्या केल्टिक कथासंग्रहात आयर्लंडची एक गोष्ट आहे. तिथे नाकाऐवजी पाठीच्या कातड्याची पट्टी काढायची अट आहे आणि तिसरा भाऊ मालकाला वठणीवर आणतो. कुठे आयर्लंड, कुठे आपण! पण जिथे जमीन एकाची आणि घाम दुसऱ्याचा, तिथे ही गोष्ट रुजते.

आता चतुर मुलींकडे वळू, आणि पैठणला जाऊ. ‘बृहत्कथा’ रचणारा गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारी, प्रतिष्ठान म्हणजे पैठणला होता, अशी परंपरा आहे. त्याचा मूळ ग्रंथ आज मिळत नाही. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’मुळे त्यातल्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. त्यात उपकोशेची गोष्ट आहे. तिचा नवरा वररुची तपाला गेला होता. घरचे पैसे एका वाण्याकडे ठेव म्हणून ठेवले होते. ती मागायला गेली तर वाणी म्हणाला, आधी माझी इच्छा पुरी कर. तीच मागणी राजाच्या पुरोहिताने, दंडाधिकाऱ्याने आणि युवराजाच्या सचिवानेही केली होती. तिने चौघांना एकाच रात्री, वेगवेगळ्या प्रहरी बोलावलं. पहिल्या तिघांना अंधारात तेल-काजळ फासून एका पेटीत कोंडलं. मग वाण्याला त्या पेटीजवळ नेऊन मोठ्याने कबूल करायला लावलं, की तुझ्या नवऱ्याची ठेव मी देणं लागतो. ‘देवांनो, ऐका हो,’ असं ती पेटीकडे पाहून म्हणाली. दुसऱ्या दिवशी राजा नंदाच्या दरबारात वाणी नाकबूल झाला, तेव्हा तिने पेटी आणवली आणि पेटीतल्या ‘देवां’नी घाबरून साक्ष दिली.

बघा, इथेही तेच. समोरच्याचा शब्द, आणि त्या शब्दाला साक्षीदार.

या परंपरेतली आणखी एक आख्यायिका आम्हाला इथे मुद्दाम सांगायची आहे. गुणाढ्याने आपला ग्रंथ पैशाची भाषेत लिहिला, सात लाख श्लोकांचा. असल्या भाषेतला ग्रंथ म्हणून राजाने तो नाकारला. तेव्हा गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि जाळू लागला. राजाला चूक कळेपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. भाषेला हलकं मानलं की गोष्टी कशा जातात, याचं यापेक्षा नेमकं चित्र आम्हाला माहीत नाही.

अलीकडचं एक उदाहरण. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर 1865-66 च्या थंडीत दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. त्यांची मुलगी मेरी बरोबर होती. तिच्या सोबतीला असलेल्या आया ॲना लिबराटा डिसूझा यांनी तिला गोष्टी सांगितल्या, आणि 1868 मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. त्यात शूर, हिकमती राजकन्या आहेत. ॲना यांनी सांगितलेली स्वतःची जीवनकथाही त्यात आहे. चाकरी करणारी बाई गोष्ट सांगते आणि साहेबाची मुलगी मुकाट्याने लिहून घेते. गोष्ट सांगणाऱ्याकडे तेवढ्यापुरती का होईना, सत्ता येते.

ही गोष्ट इथे का?

पोहरादेवी वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात आहे. इथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला देशभरातून बंजारा समाज इथे लोटतो, म्हणून याला बंजारा समाजाची काशी म्हणतात. सेवालाल महाराजांच्या नावाने एक उपदेश सांगितला जातो. त्याचा आशय असा, की आधी जाणून घ्या, मग पारखा, आणि त्यानंतरच माना. धाकलीने दुसरं काय केलं? अटी तीनदा ऐकल्या, पारखल्या, आणि मग ‘कबूल’ म्हटलं.

बंजारा समाजाची भाषा गोरमाटी. तिची स्वतंत्र लिपी रूढ नाही, ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि जनगणनेत तिची गणती हिंदीच्या पोटात होते. ती तोंडी जगली. लदेणीचा व्यापार, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणं, हाही मुख्यतः शब्दावर चालत असे. नाईकाने दिलेला शब्द हाच दस्तऐवज. रस्ते आणि रेल्वे आल्यावर एकोणिसाव्या शतकात हा व्यापार बसला. त्यात 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. व्यापार करणाऱ्या समाजाला संशयित ठरवलं गेलं. हा कायदा रद्द व्हायला 1952 उजाडलं. शब्दावर जगलेल्या माणसांना आता कागदावर अंगठा द्यावा लागू लागला, आणि कागद दुसऱ्याच्या भाषेत होता.

आज त्या अंगठ्याला उचल म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तांड्यांतली अनेक घरं ऊसतोडीला जातात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. काम करून उचल फेडायची. दिवस बुडाला की खाडा, खाड्याचा दंड उचलीत जमा. हंगाम संपला तरी कधीकधी उचल फिटत नाही, मग पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ‘पानावर मावेल तेवढं’ या अटीची आठवण येते ना? पान कुठलं, हे इथेही बहुतेक वेळा दुसराच ठरवतो.

आणि म्हणूनच आम्ही भावाच्या जागी बहीण ठेवली. ‘कोयता’ जोडप्याचा असतो, म्हणून काही घरांत मुलीचं लग्न लवकर उरकलं जातं. आईबापाबरोबर गेलेली दहा-बारा वर्षांची मुलगी फडावर धाकट्या भावंडांना सांभाळते, चूल पेटवते, आणि तिची शाळा सुटते. तिच्यासाठी उचलीचा करार दुसऱ्यांनीच केलेला असतो. तिला अटींचे शब्द विचारायची सवय लागावी, असं आम्हाला वाटतं.

पण इथे सावध राहायला हवं. गोष्टीत एक धोका आहे. ‘धाकली हुशार होती म्हणून सुटली’ असं म्हटलं, की ‘भाऊ बावळट होता म्हणून फसला’ असा अर्थ निघतो. हुशारी नसेल त्याने नाक गमवावं, हा काही न्याय नव्हे. धाकली कराराच्या आत राहून जिंकली. मुळात असा करार करताच येतो का, हा प्रश्न गोष्ट विचारत नाही. तो प्रश्न कायदा विचारतो.

संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठीचे करार रद्दबातल ठरवले आणि वेठीचं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली. त्या कायद्याचं 15 वं कलम आम्हाला विशेष वाटतं. हे कर्ज वेठीचं आहे, असं कामगार म्हणाला, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे. म्हणजे ‘सिद्ध कर’ असं आता गड्याने मालकाला म्हणायचं! 1982 मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे. पोटाची भूक हीही सक्तीच, हा त्यामागचा विचार.

कायदा आहे, तरी तो तांड्यापर्यंत आपोआप चालत येत नाही. त्याला बोलावणारं कुणीतरी लागतं. शब्द नीट ऐकणारं, ‘नेमकं काय म्हणालात?’ असं विचारणारं, चार माणसं गोळा करणारं. अशा माणसाची पहिली शाळा ही गोष्ट आहे. दुसरी शाळा अर्थातच खरी शाळा. घरचे स्थलांतर करतात तेव्हा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तुमच्या गावात ते सुरू आहे का, हे दसऱ्याच्या आधी विचारा. पौषात विचारून उपयोग नाही.

गोष्ट सांगायची कशी?

शेवटी, सांगणाऱ्यांसाठी तीन सूचना.

पहिली. युक्ती लगेच सांगू नका. मालकाने अट घातली की थांबा आणि मुलांना विचारा, ‘तू असतीस तर?’ मुलं अशी उत्तरं देतात की आपल्याला गोष्ट बदलावीशी वाटते. बदला.

दुसरी. ‘मालक, राग आला का?’ हे मुलांना म्हणू द्या, सगळ्यांना एका सुरात. घरात, वर्गात गप्प बसणारी मुलगीही इथे बोलते, कारण हे धाकलीचे शब्द असतात, तिला स्वतःचे म्हणून धीर करावा लागत नाही. चार वेळा म्हटल्यावर ते तिचे होतात.

तिसरी. घरी गोरमाटी बोलत असाल तर गोष्ट गोरमाटीतच सांगा. ‘याडी’ला ‘आई’ करू नका. शाळेत मराठी आहेच, ती येईलच. पण आजीकडची गोष्ट आजीच्या भाषेत एकदा तरी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. 5 ऑक्टोबर 2024 रोजी इथे नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. घागरा, दागिने, जुनी चित्रं संग्रहालयात जपता येतात. गोष्टीला काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. ती कुणीतरी कुणालातरी सांगितली, तरच राहते. गुणाढ्याचे सहा लाख श्लोक गेले ते जाळले म्हणून. आपल्या गोष्टी न जाळताही जाऊ शकतात, नुसत्या न सांगितल्या तरी पुरे.

तेव्हा आज घरी गेल्यावर ही गोष्ट एका तरी मुलीला सांगा. शेवटी ती विचारेल, ‘मालकाने खरंच मजुरी दिली का?’ तेव्हा सांगा, दिली, कारण चार माणसं बघत होती. आणि ती चार माणसं कोण, असं तिने विचारलं, तर स्वतःकडे बोट दाखवा.